आधी पाणी, मग नाव

संकेश्वरला बस उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली आणि मळीचा आंबूस वास खिडकीतून आत आला. निपाणीहून बेळगावला जाताना ह्या दिवसांत हे ठरलेलंच असतं. आमच्याकडं तंबाखू अजून रानात उभा असतो, संकेश्वरकडं ऊस तुटत असतो आणि काकती आली की भाताचं राज्य सुरू होतं. एकाच रस्त्यावर तीन सुग्या. काकतीला एक माणूस चढला, माझ्या शेजारी बसला. त्याच्या स्वेटरला भाताच्या पिंजराची, सुक्या पेंढ्याची, एक काडी चिकटली होती. त्याला ती माहीत नव्हती. मी बेळगावपर्यंत तिच्याकडं बघत राहिलो. बाकीच्या दोन सुग्यांशी माझं काही देणंघेणं नाही. माझी सुगी भाताची आहे आणि ती बेळगावच्याही पुढं, खानापूर ओलांडून घाटमाथ्यावर, शिरसमाळ नावाच्या गावात आहे.

सरळ सांगतो, कारण आडवळणानं लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही. मी लिहायला शिकलो ते पत्रकांवर. अर्धा कागद, दोन्ही बाजूंना मजकूर, मथळा जाड. बेळगावच्या खासबागेतल्या एका लहान छापखान्यात उभं राहून मी वाक्यं कापायला शिकलो. ओळ वाढली की कागद वाढतो, आणि कागद वाढला की लोक तो न वाचता शेंगा बांधायला घेतात. तर अर्ध्या कागदात सांगायचं झालं तर असं आहे : चार वर्षांपूर्वीच्या सुगीत मी शिरसमाळच्या एका बाईला सही करायला शिकवली. त्या सहीनं तिचा झरा गेला.

पण हे अर्ध्या कागदात बसत नाही. म्हणून हा लेख.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आमची संघटना म्हणजे सहा-सात पोरं आणि एक सायक्लोस्टाइलच्या काळातलं कपाट. घाटमाथ्यावरच्या गावांना पावसाळ्यात चार महिने रस्ता नसतो. शिरसमाळच्या अलीकडं एक ओढा आहे. त्यावर लाकडी फळ्यांचा साकव होता आणि तो दर आषाढात वाहून जायचा. मागणी साधी होती : पक्का पूल द्या. त्यासाठी सह्या गोळा करायच्या होत्या. मी पाठीवर सॅक घेतली. सॅकेत पत्रकं, रेघांचे कागद, पेनं आणि एक चादर. लाल बस ओढ्यापाशी संपायची. तिथून चालत, एका गावातून दुसऱ्या गावात, असा मी पंधरा दिवस फिरलो.

त्या पंधरा दिवसांतलं पत्रकात घालता येण्यासारखं काहीच आता आठवत नाही. आठवतं ते असं : सकाळी दव इतकं पडायचं की कापून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्या उचलताना कोपरापर्यंत हात भिजायचे. खळ्यावर बायका पेंढ्या फळीवर झोडपायच्या, तो आवाज डोंगराला लागून परत यायचा, आणि कधी कधी परत आलेलाच आवाज आधी ऐकू आल्यासारखा वाटायचा. वारं देताना भुसा उडायचा आणि अंगाला खाज सुटायची. डोक्यावरून धनेश जायचे, लोहाराचा भाता चालावा तसा पंखांचा आवाज करत. आणि सगळीकडं नव्या पिंजराचा वास. कोरडा, गोडसर. चपला काढून दारात उभं राहावं असा वास.

शिरसमाळ म्हणजे एक बाजाराची गल्ली, एक देऊळ, सातवीपर्यंत शाळा आणि तोंडाशीच भरमाण्णांचं चहाचं दुकान. भरमाण्णा साठीचे, कान टवकारून ऐकणारे. मला बघून म्हणाले,

"कुठं जाऊलास रं, एवढं ओझं घेऊन?"

"इथंच आलोय."

"हितंच? मग चुकलास जणू. हितं कोण येतंय मुद्दाम?"

मी पत्रक काढलं, म्हणालो, "मी निपाणीचा, माझं नाव..." तर त्यांनी हात वर केला. तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा समोर ठेवला.

"पी आधी. नाव कुठं पळून जाऊलालंय?"

शिरसमाळची ही रीत होती. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग नाव. उलटं केलेलं चालत नसे. गल्लीत पुढं गेलो तर प्रत्येक दारात तेच. चार घरं झाली आणि माझ्या पोटात नुसतं पाणी डुचमळू लागलं. पाचव्या घरी नको म्हटलं तर तिथली म्हातारी इतकी खट्टू झाली की तिथंही प्यालो. मी फिरलेल्या गावांत माणसं प्रेमळ होतीच, भाकरी सगळ्यांनीच दिली. पण आधी सगळे विचारायचे, कुणाकडचा? कुठल्या बाजूचा? मराठी की कन्नड? शिरसमाळला पाण्याआधी हे विचारणं म्हणजे उष्टं वाढण्यासारखं होतं.

"असं का?" मी जिच्याकडं उतरलो होतो त्या सुभद्राक्काला विचारलं.

"नाव कळलं की माणूस बाकीचं बघाय लागतो. जात बघतो, भाषा बघतो. तहानेला ते काय कळतंय?" ती म्हणाली. आणि लगेच, "उठ आता. पिऊन झालंय न्हवं? त्या पेंढ्या आत टाक."

सुभद्राक्का गल्लीच्या वरच्या टोकाला एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरामागं डोंगराचा उतार आणि उतारावर एका कपारीतून निघणारा झरा. ती जागा नवऱ्यामागं तिच्या नावावर लागलेली होती. झऱ्याचं पाणी आधी एका दगडी कुंडीत पडायचं, तिथून वरची अख्खी गल्ली घागरी भरायची. उरलेलं पाणी तिच्या दोन खाचरांना, आणि उन्हाळ्यात मिरच्या-वांग्यांना. आक्का पहाटे उठून कुंडीतला पालापाचोळा काढायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. जागा कुणाची, पाणी कुणाचं, हा प्रश्न त्या गल्लीत कधी पडलाच नव्हता. मी तिच्याकडं चार दिवस राहिलो. पेंढ्या वाहून माझ्या मानेवर चट्टे उठले तेव्हा ती हसून हसून खाली बसली होती आणि मग कोकमाचं तेल गरम करून मला लावलं होतं.

त्या चार दिवसांतच मी तो उद्योग केला.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावाचा अर्ज घेऊन मी एका कचेरीत गेलो होतो. तिथल्या माणसानं पानं उलटली आणि म्हणाला, "सगळे अंगठेच की. ह्यांना काय कळतंय, कशावर उठवला अंगठा ते?" तो हसला. मी हसलो नाही. ते वाक्य मी निपाणीपर्यंत चावत आलो. पुढच्या वेळी एकही अंगठा नसेल असं ठरवून टाकलं. राग आला की मी ठरवतो, आणि ठरवलं की घाई करतो. आमच्यात ह्यालाच चळवळ म्हणतात.

खळं शेणानं सारवलेलं होतं. मी चुलीतला कोळसा घेतला आणि 'सुभद्रा' लिहिलं. आक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्ये मी हाय?"

"होय."

"लई वाकडी हाय की मी."

शेजारच्या बायका झोडपणी थांबवून गोळा झाल्या. एक म्हणाली, "एवढं अवघड नाव कुणी ठेवलं गं तुझं?"

"माझ्या बानं. त्याला कुठं लिहायचं होतं?"

भरमाण्णा दुकान सोडून आले. खळ्याच्या कडेला बसून म्हणाले, "आक्का, सही आली की ब्यांकेत जाऊन म्यानेजरच्या खुर्चीत बस."

"बसतो की. तुला चपराशी ठेवतो. चहा तरी बरा करशील."

'सु' तिला लवकर आला. 'भ' दोन दिवसांत आला. 'द्रा'ला मात्र ती हटून बसली. कोळसा बोटांत धरायची ती विळा धरल्यासारखी, चारही बोटं आवळून. मी म्हणायचो, "सैल धर आक्का. सही झोकात करायची असती. अशी सावकाश काढत बसलीस तर लोक हसतील." ती म्हणायची, "हसू देत. मला माझं नाव बघाय मिळूलालंय, ते घाईत कशाला बघू?" चौथ्या दिवशी उन्हं उतरताना तिनं पूर्ण नाव काढलं. खळ्यावर, एका दमात, कोळशानं. मग त्यावर कुणी पाय ठेवू नये म्हणून चारी बाजूंनी पेंढ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दवानं ते नाव पुसट झालं होतं, पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, हातात हाय आता.

अशा अकरा बायकांना मी सही शिकवली. वाचायला एकीलाही शिकवलं नाही. वेळ नव्हता.

हे वाक्य मी आज लिहितोय. तेव्हा ते मला सुचलंच नव्हतं. अकरा सह्या, शून्य अंगठे, असा मथळा मात्र सुचला होता.

देवळासमोर सह्या झाल्या. अर्ज मी आदल्या दिवशी दिव्याजवळ बसून लिहिला होता, सबब आणि उपरोक्त घालून. कुणीही तो वाचून दाखव म्हटलं नाही. एकजण आला, पेन घेतलं, सही केली, पुढं गेला. मीच म्हणालो, "आक्का, काय लिहिलंय ते तरी विचार." तर ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मीच काही वेडंवाकडं बोललो असं वाटावं.

"तू हितलं पाणी प्यालायस. वंगाळ लिहिशील काय?"

आणि सावकाश सही केली. अर्जावरची तिसरी सही. मला इतका आनंद झाला. मला वाटलं, माझ्या पत्रकानं ही माणसं जागी केली. त्यांनी पाहुण्याला नाही म्हटलं नव्हतं, एवढीच खरी गोष्ट होती. मी पाणी मागितलं असतं तर पाणी दिलं असतं, सही मागितली तर सही दिली. निघताना माझ्या सॅकेत पत्रकांच्या जागी उकडे तांदूळ, नाचणीचं पीठ आणि सुक्या मिरच्या होत्या.

पूल झाला. हे खोटं सांगणार नाही, पूल झाला आणि चांगला झाला. आम्ही पत्रक काढलं, मथळा एकच शब्द : 'जिंकलो'. मी पुलावर उभा राहून फोटो काढला आणि मग दुसऱ्या प्रश्नाकडं गेलो. चळवळीत प्रश्नांची कमी नसते. शिरसमाळचा प्रश्न सुटला होता, त्यामुळं शिरसमाळला जायचं कारणही संपलं. तीन सुग्या मी तिकडं फिरकलो नाही. तांदूळ संपले, मिरच्या संपल्या. आई म्हणायची, त्या आक्काला एकदा भेटून ये. मी म्हणायचो, बघू.

ह्या श्रावणात भरमाण्णांचा फोन आला. फोनवर ते ओरडून बोलतात, जणू डोंगरापलीकडं बोलवायचंय. त्या दिवशी हळू बोलले.

"आक्काच्या झऱ्याला जाळी मारलीया. जमलं तर ये."

बस आता पुलावरून थेट गल्लीत जात होती. मी वर गेलो. कुंडीभोवती हिरव्या लोखंडी जाळीचं कुंपण होतं, कुलूप होतं, पंपाची खोली होती. खोलीतून काळा पाइप निघून उताराच्या वर गेला होता. तिथं लाल कौलांची नवी घरं उभी राहिली होती, शहरातून येणाऱ्यांसाठी. दोन दिवस राहायचं, धुकं बघायचं, जायचं. आमच्या पुलावरूनच ती कौलं वर गेली होती.

आक्कानं मला बघितलं. आत गेली, तांब्या आणला, गुळाचा खडा आणला.

"टँकरचं हाय," ती म्हणाली. "उकळलंय. पी."

मी प्यालो. मग ती बोलली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

"दोघं आलते. एक पोरगी, लई गोड बोलायची. पाठीवर तुझ्यासारखीच पिशवी. चालत आलती. पाणी दिलं, गूळ दिला. मग नाव विचारलं. चार-पाच खेपा आली. माझ्या हातची पेज खाल्ली. म्हणाली, आक्का, वर घरं बांधतोय, पाणी लागतंय. आता पाण्याला न्हाय कसं म्हणू? मी म्हटलं, घेवा की."

"आणि कागद?"

"व्हता. कन्नडात व्हता, थोडा इंग्लिशात. कन्नड बोलाय येतंय मला, वाचाय न्हाय. गाडीतनं खानापूरला नेलं. कचेरीत त्या माणसानं माझं वय बघितलं आणि शाईची डबी पुढं सरकवली. अंगठ्यासाठी."

तिनं पदरानं तांब्या पुसला.

"मी म्हटलं, डबी ऱ्हाऊ दे. मला सही येती. तो म्हणाला, वा आजी. सगळी बघत व्हती रं. मी सावकाश केली. 'द्रा' बरोबर आला."

नंतर त्यांनी तिला एक मिक्सर आणून दिला. तो अजून खोक्यातच आहे, वर तांदळाचं सूप ठेवलेलं.

कागदात पाणी देण्याचं एक वाक्य होतं. बाकीची सगळी पानं जागेची होती. झऱ्यासकट तो उतार भाडेकरारानं त्यांच्याकडं गेला होता, आक्काच्या उरलेल्या आयुष्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षांसाठी. गल्लीनं पंचायतीत तक्रार केली, त्यावर घरं बांधणाऱ्यांनी उत्तर दिलं. कायदेशीर, नम्र भाषेतलं उत्तर. मी ते सगळे कागद घेऊन बेळगावात एका वकिलांकडं गेलो. म्हातारे, सावकाश वाचणारे गृहस्थ. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"बाई अडाणी आहे ना?"

"होय. वाचता येत नाही."

"मग अंगठा का नाही उठवला? अंगठा असता तर त्यांना कागद वाचून दाखवावा लागला असता. तिच्या भाषेत. तसा शेरा मारावा लागला असता, वाचून दाखवणाऱ्यानं खाली सही करावी लागली असती. तो शेरा नसता तर मी उद्या सकाळी कोर्टात उभा राहिलो असतो. इथं सही आहे. सही करणाऱ्याला वाचता येतं असंच सगळे धरून चालतात."

"सही तिची नाही असं म्हटलं तर?"

त्यांनी उत्तराला जोडलेले कागद उलटले आणि एक माझ्यापुढं ठेवला. पुलाच्या अर्जाची प्रत, आक्काला सही येते ह्याचा पुरावा म्हणून जोडलेली. वरचं अक्षर माझं. सबब, उपरोक्त. खाली तिसरी सही : सुभद्रा.

"हा अर्ज कुणी लिहिला?"

"मी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग ह्या सहीला मी काय म्हणू, सांगा."

कचेरीतल्या त्या हसणाऱ्या माणसाची मला तेव्हा आठवण झाली. ह्यांना काय कळतंय, कशावर उठवला अंगठा. त्याला उत्तर द्यायच्या रागात मी अकरा बायकांच्या हातून एकुलतं एक कुंपण काढून घेतलं होतं. कागदाला विचारायचा हक्क त्या अंगठ्यात होता. तू काय आहेस ते मला वाचून दाखव, असं अंगठा म्हणू शकायचा. सहीला ते म्हणता येत नाही.

माझ्या संघटनेतले मित्र म्हणाले, कागद कन्नडात होता, हाच मुद्दा घे, पत्रक काढू. मी म्हणालो, मराठीत असता तरी तिला वाचता आला नसता. ते वाक्य त्यांना आवडलं नाही. मलाही आवडत नाही, पण ते खरं आहे.

त्या लाल कौलांच्या घरांची जाहिरात मी फोनवर बघितली. डोंगर, धुकं आणि एका म्हातारीच्या हातातला पाण्याचा तांब्या. हात आक्काचे नव्हते, कुणाचे तरी होते. खाली लिहिलं होतं, इथली साधी, प्रेमळ माणसं तुमची वाट पाहत आहेत. मला 'साधी' ह्या शब्दाची चीड येते. ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांना आपण साधी म्हणतो, आणि मग त्यांच्याकडं काहीतरी मागायला जातो. धुकं मागायला, पाणी मागायला, सही मागायला. मीही माझ्या त्या वेळच्या पत्रकात लिहिलं होतं, 'शिरसमाळची साधी माणसं'. काढून बघितलं. दुसरी ओळ.

तर परवाच्या त्या बसमधून मी शिरसमाळला चाललो होतो. वकिलांनी एक अर्ज लिहायला सांगितला होता, कागदातला मजकूर मला समजावून सांगितला नव्हता असा, आक्काच्या नावानं. आशा ठेवायला सांगणार नाही, एवढं मात्र ते दोनदा म्हणाले होते.

भात कापून झालं होतं. तेच दव, तोच आवाज, डोंगराला लागून परत येणारा. फक्त वरून पंपाचा आवाज त्यात मिसळला होता, आणि दोन आवाज एकमेकांत बसत नव्हते. भरमाण्णांच्या दुकानासमोर दोन पोरं उभी होती, शहरातली, पाठीवर सॅका, उन्हानं लाल झालेली. एकानं विचारलं, "काका, पाणी मिळेल?"

भरमाण्णा उठले नाहीत.

"कुठनं आलाय? नाव काय तुमचं? त्या पिशवीत कागदबिगद हाय काय?"

पोरं गोंधळली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग त्यांना पाणी मिळालं. भरमाण्णांनी मला बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. पिंजराचा तो कोरडा, गोडसर वास गल्लीभर पसरला होता आणि मी चपला घालून उभा होतो.

आक्का खळ्यावर होती. ह्या वर्षी एकाच खाचराचं भात. दुसऱ्यात पोटरी धरायच्या, लोंब्या निघायच्या वेळी पाऊस उघडला, आणि खालपर्यंत उतरायला झऱ्याचं पाणी उरलं नव्हतं. तिनं मला पाणी दिलं, गूळ दिला. तिनं रीत सोडली नव्हती. मग मी अर्ज काढला, पेन काढलं.

"आधी वाच," आक्का म्हणाली. "सगळं. सावकाश."

मी वाचायला लागलो. 'उपरोक्त'वर तिनं थांबवलं. म्हणजे काय? मी सांगितलं. मग तसंच लिही की, ती म्हणाली. मी खोडलं. 'सबब' खोडलं. भरमाण्णा येऊन खळ्याच्या कडेला बसले, त्याच जागी. 'मी निरक्षर असून मला फसवून सही घेण्यात आली' ह्या वाक्यावर तिनं कागदावर तळहात ठेवला.

"सही माझी हाय."

"आक्का, वकील म्हणतात, तेवढं वाक्य राहिलं तर..."

"ऱ्हाऊ दे वकील. तू शिकवलीस, मी केली. माझी न्हाय असं कसं म्हणू? लिही, मला पाणी मागितलं, मी पाणी दिलं. जागा मागितली नव्हती, ती नेली. लिही."

"त्यानं केस कमजोर होईल."

"होऊ दे. खरं हाय ते."

मी लिहिलं. एक पान वाचायला अख्खी दुपार गेली. पुलाचा अर्ज मी अख्ख्या गावाकडून अर्ध्या तासात उरकला होता. शेवटी मी पेन पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही.

"अंगठा."

माझ्याकडं शाईची डबी नव्हती. पेनं सात-आठ होती, पत्रकं होती, डबी नव्हती. आक्का उठली, आत गेली, तवा घेऊन आली. तव्याच्या बुडाशी अंगठा घासला आणि अर्जावर दाबला. काजळीचा अंगठा, मधोमध विळ्याची जुनी आडवी चीर. मग तिनं अंगठा पदराला पुसला आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"आता लिही हितं. आक्काला वाचून दाखवलं. आणि खाली तू सही कर."

पंधरा दिवस मी घाटमाथा पालथा घातला होता, गावोगावच्या माणसांकडून सह्या घेतल्या होत्या. त्यातल्या एकाही कागदावर माझी सही नव्हती. आमच्या पत्रकांवरही नसते. खाली 'आपले, कार्यकर्ते' असतं. मी लिहिलं : वाचून दाखवले. खाली सही केली.

आक्कानं कागद उचलला. माझ्या सहीकडं, मग स्वतःच्या अंगठ्याकडं, मग पुन्हा माझ्या सहीकडं बघितलं. वर पंप परत चालू झाला होता.

"मला वाचाय येत न्हाय," ती म्हणाली. "पण घाईत केलीस, एवढं कळतंय."